हलका पाय

कुमुद गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशी दिगंबररावांनी तिची गाडी पहिल्यांदाच स्वतः काढली. वाईच्या पुलाचा चढ लागताच ती गचके खाऊ लागली. तेरावं उरकल्यावर त्यांनी ती बाबालाल मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी हवेचे पाइप, पंपाचा दाब, इंजेक्टर सगळं तपासलं. "काका, इंजिन लीन चालतंय. हवा जास्त, पेट्रोल कमी. पण पार्ट एकही खराब नाही."

"मग?"

"ही नवी इंजिनं चालवणाऱ्याच्या पायावरून शिकतात. काकूंचा पाय हलका. तुम्ही जोरात दाबता, हवा भसकन आत येते, पण गाडी पेट्रोल काकूंच्याच बेताने सोडते."

"भाजीत तेलसुद्धा ती असंच घालायची."

मिस्त्री हसले. "जुनं शिकलेलं पुसलं की गाडी तुमचा पाय शिकेल. पुसू?"

दिगंबररावांनी बॉनेट स्वतःच खाली केलं. "आज नको."

पाचगणीला लेक वाट बघते आहे. त्यांच्या पायाखाली गाडी वाटेतला पसरणीचा घाट चढत नाही. ते सपाट रस्त्यावर, जपून चालवतात. पुसायचं काम अजून राहिलं आहे.