मोटरजोगी फ्रेम

गुडघे कुरकुरायला लागले, तरी बाबा रोज सायकल घेऊन वाचनालयात जायचेच. शेवटी लेकीनं चंगच बांधला, की बाबांच्या सायकलला बॅटरीवरची मोटर बसवायची. मेकॅनिक म्हणाला, "ही फ्रेम गंजलीये, मोटरचा भार पेलणार नाही. दुसरी दणकट बघा."

दुकानात तो प्रत्येक फ्रेमचा पाइप ठोकून बघत होता, बॅटरीला जागा किती ते मापत होता. बाबा मात्र एकाही सायकलवर बसले नाहीत. हँडल धरून दुकानासमोर दोन फेऱ्या चालायचे आणि नाक मुरडायचे. "ही बुटकी आहे." "ही डुगडुगते." पाचवी एकदाची पसंत पडली.

मोटर बसली. दुसऱ्या दिवशी लेक कौतुकानं खिडकीत उभी राहिली, तर बाबा सायकल हातात धरून रमतगमत चालत निघालेले. ती धावत खाली गेली. "बाबा, अहो, मोटर बंद पडली का?"

"मोटर झकास आहे गं," बाबा म्हणाले.


हँडलवर रेलून ते पुढं म्हणाले, "पण काठी घेऊन निघालो, की लोक तब्येत विचारतात. सायकल असली, की पंक्चर झाली का, एवढंच विचारतात."