इंजिनचा नंबर

"बॉनेट उघडा. हिची गाडी एवढी पळते म्हणजे इंजिनात लबाडी आहे," शर्यत हरलेला इंगवले पंचांना म्हणाला.

हरला की तो दरवेळी हेच करतो. मी वाटच पाहत होते.

दोन वर्षांपूर्वी रेडिएटर कोरडा असताना त्यानेच गाडी दामटली आणि टीमसमोर बोट माझ्याकडे दाखवलं, "या मेकॅनिकबाईने इंजिन जाळलं." मला काढलं, इंजिन भंगारात टाकलं.

ते चार सिलिंडरचं धूड मी तिथून उचललं, सात महिने खपून माझ्या जुन्या रेसगाडीत बसवलं. त्यावरचा नंबर मुद्दाम घासून चकचकीत ठेवला.

पंचांनी तो मोठ्याने वाचला, जुन्या शर्यतींतल्या इंजिनांच्या नोंदींशी ताडून पाहिला. "इंगवले, इंजिन तर तुमचंच होतं."

त्याची अख्खी टीम ऐकत होती.

"पाणी घातलं की पळतं, साहेब," मी म्हणाले.