अकराव्या वर्षातली कबुली

"परत पहिल्यापासून सांग," ताई काचेपलीकडून म्हणाली.

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. आज हे तिसऱ्यांदा चाललं होतं. भेटीच्या वीस मिनिटांतली बारा संपली होती आणि उद्या सकाळी अकराला सुटकेचं मंडळ बसणार होतं. या मंडळापुढे तो आधी दोनदा उभा राहिला होता. लाँड्रीच्या मालकाला मी मारलं नाही, असं त्यानं दोन्ही वेळा जे खरं तेच सांगितलं होतं. दोन्ही वेळा फाईल मिटली गेली आणि वर शेरा पडला, कैद्याला पश्चात्ताप नाही. जे केलंच नाही त्याचा पश्चात्ताप आणायचा कुठून, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

तिथली रीतच तशी होती. खून करून ढसाढसा रडणारा आठ वर्षांत घरी जायचा आणि 'मी नव्हतो हो' म्हणणारा आत सडत राहायचा. बराकीतले जुने कैदी त्याला हसायचे. अरे बाबा, न्यायाधीशापुढे नाही म्हणायचं आणि मंडळापुढे हो म्हणायचं, एवढं साधं तुला जमत नाही?

नव्हतं जमत. तो हट्टी होता, आणि खरेपणाची थोडी घमेंडही होती त्याला. पण या वेळी नकार आला तर पुढची पाळी पाच वर्षांनी येणार होती. आईचा एक डोळा गेला होता, दुसऱ्यानं जेमतेम अंधुक दिसत होतं. दिसतंय तोवर त्याचा चेहरा बघू दे, एवढंच ती म्हणते, असं ताईनं मागच्या महिन्यात सांगितलं आणि त्याच दिवशी त्याचा हट्ट मोडला.

ताईनं अकरा वर्षांत एक भेट चुकवली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, दोन बस बदलून, ऊन असो की ताप असो. तिनं लग्नही केलं नाही. अशी बहीण मिळायला नशीब लागतं, असं मुलाखतीच्या खोलीतला शिपाईसुद्धा म्हणायचा. लाँड्रीतली नोकरी तिनंच त्याला लावून दिली होती. तो पुढे इस्त्री करायचा, ती मागच्या खोलीत बटणं लावायची, रफू करायची. शिक्षा सुनावली त्या दिवशी ती कोर्टाच्या पायरीवर चक्कर येऊन पडली होती.

"मालक मला टाकून बोलला," त्यानं सुरुवात केली. "माझं डोकं फिरलं. हातात इस्त्री होती..."

"सावकाश. आणि मालकाबद्दल वाईट बोलायचं नाही. माणूस कसाही असला तरी तिथं नाही."

मग तिनंच सगळं पुन्हा सांगितलं. मालक कुठे उभा होता, कुठल्या अंगावर पडला, त्यानंतर किती वेळ तू जागचा हलला नाहीस. तिची शिकवणी चोख होती. शेवटी म्हणाली, टॉवेलचं विसरू नकोस. धुतलेल्या ढिगातला टॉवेल घेतला, चार घड्या केल्या आणि त्याच्या डोक्याखाली ठेवला, असं सांग.

हे कुठे लिहिलंय, असं त्यानं विचारलं.

"केसचे सगळे कागद मला पाठ आहेत रे," ती म्हणाली. "त्यांना कळू दे, की तुला वाईट वाटलं होतं."

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. उद्या फाटकापाशी थांबते, निकाल कळल्याशिवाय हलत नाही, असं म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी टेबलापलीकडे तिघं होती. मधे अध्यक्षबाई, डावीकडे डॉक्टर, उजवीकडे पोलीस खात्याचे एक वयस्कर साहेब. साहेब मान खाली घालून फाईल चाळत होते. त्याला बसायला सांगितलं नाही.

मालकाला कोणी मारलं, असं बाईंनी सरळ विचारलं.

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. मग त्याला आईची आठवण झाली.

"मी," तो म्हणाला. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पुढचं त्यानं शिकवलं तसं सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होते. टॉवेलपाशी आला तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"किती घड्या?"

"चार."

साहेबांनी फाईलच्या मागच्या खिशातून एक मोहोरबंद पाकीट काढलं, फोडलं आणि आतला कागद बाईंपुढे सरकवला. संपलं, त्याला वाटलं. खोटं पकडलं गेलं, आता आणखी पाच वर्षं.

"तपासातली एखादी गोष्ट आम्ही मुद्दाम दडवून ठेवतो," साहेब म्हणाले. "कोर्टाच्या कागदांत नाही, पेपरात नाही, वकिलालाही ठाऊक नाही. कोणी खोटी कबुली दिली तर ओळखता यावी म्हणून. या केसमध्ये ती गोष्ट म्हणजे टॉवेल."

"मारणाऱ्याशिवाय हे कोणालाच सांगता आलं नसतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "शेवटी खरं बोललात. बरं केलंत."

तिघांनी सह्या केल्या. सुटका मंजूर झाली. आता एकच रकाना राहिला होता. सुटलेल्या माणसाला एकटं सोडत नसत, घरच्या कोणाच्या तरी हवाली करत. बाईंनी पेन टेकवलं आणि न्यायला कोण आलंय ते विचारलं.

त्याची नजर पाकिटातून निघालेल्या त्या कागदावर खिळली होती. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यानं घेतला नाही.

"ताई," तो म्हणाला.