घरचे तेवढेच

भाडेकरू फुकट नेट वापरतो म्हणून सासऱ्यांनी जावयाला कामाला लावलं. दोन मजल्यांचं नेट जोडणाऱ्या 'ब्रिज' नावाच्या डबीत ज्या फोनचा किंवा कॉम्प्युटरचा पत्ता, म्हणजे ओळख-क्रमांक, भरायचा, त्यालाच नेट मिळणार. बाकीच्यांना दार बंद.

"कोणाकोणाचे घालू?"

"माझा, हिचा, मुलीचा, नातवाचा."

"आणखी कोणी?" जावयाने जरा आशेने विचारलं.

"बास. घरचे तेवढेच."

जावयाने चार पत्ते भरून बटण दाबलं. भाडेकरूचं नेट गेलं आणि त्याच्याबरोबर जावयाच्या लॅपटॉपचंही.

"अहो, स्वतःचा नाही घातलात?" सासऱ्यांनी विचारलं.

"घरचे तेवढेच म्हणालात ना."

सासऱ्यांनी आपल्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"घरात बसलेल्या माणसाला 'आत या' म्हणून कोण सांगतं, जावईबापू?"