बुटांची राखण

"आई, इथे बूट काढायचे नसतात! सगळे आपल्याकडे बघताहेत."

पण कुंदाताईंनी तोवर नवेकोरे बूट काढून चर्चच्या पायरीवर कडेला ठेवलेही होते. पायात वहाणा घालून देवाच्या दारात जायचं, मग तो देव दक्षिण अमेरिकेतल्या क्विटोतला का असेना, त्यांना जमणारच नव्हतं. सकाळपासून रेवा त्यांना या जुन्या शहरातून नुसती पळवत होती. चौक, राजवाडा, फोटो, चल पुढे.

"जा तू एकटीच. मी समोर कॉफी पिते," ती चिडून म्हणाली. बाबा गेल्यापासून तिनं कुठल्याच देवापुढे हात जोडले नव्हते.

आत भिंतींपासून छतापर्यंत सोनंच सोनं होतं, पण कुंदाताईंचा सगळा जीव बाहेरच्या बुटांत अडकलेला. परक्या मुलखात कुणी पळवले तर? आधीच लेक घुश्शात. म्हणेल, सांगत होते ना! मेरीमातेला घाईघाईनं नमस्कार करून, गर्दीतून वाट काढत त्या बाहेर आल्या.

बूट जागेवरच होते. शेजारी, अगदी खेटून, रेवाचेही होते.

त्यांनी वळून दारातून आत पाहिलं. शेवटच्या बाकापाशी रेवा अनवाणी उभी होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि खांदे हुंदक्यांनी हलत होते.

दोन्ही जोड जवळ ओढून कुंदाताई पायरीवर ऐसपैस बसल्या. होऊ दे तिचं सावकाश. बुटांकडे बघायला त्या होत्या.