ढलपी

तळघरातल्या बॉयलरचा काटा तांबड्या पट्ट्यात शिरला होता आणि आतून पाणी खदखदल्याचा आवाज येत होता. शरयूताई जिन्यावरच थिजल्या. ऑस्ट्रियातल्या या बर्फाळ गावात त्या लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या. अख्खं घर उबदार ठेवणारं हे लाकडावरचं धूड नेमकं बाळाच्या पाळण्याखाली होतं.

"आई, वर ये आधी!" बाळाला छातीशी घट्ट धरून लेक वरून ओरडली. "फुटला तर?"

शरयूताईंची नजर बॉयलरच्या खालच्या, हवेच्या झडपेवर गेली. बाळाच्या न्हाणाला कढत पाणी लवकर मिळावं म्हणून सकाळी त्यांनीच तिच्यात लाकडाची ढलपी अडकवली होती. सांगलीच्या घरी बंब धुमसायला लागला की त्या अशीच खालून हवा द्यायच्या. 'पाणी तापलं की ती झडप आपोआप मिटते, तिला हात लावू नका,' असं जावयांनी दोनदा बजावलं होतं.

रामाचं नाव घेत त्या खाली उतरल्या, वाकल्या. धग तोंडावर आली. ढलपी ओढताच झडप खाडकन मिटली. काटा थरथरला, बराच वेळ तिथेच अडला, आणि मग केसभर मागे सरकला.

लेक बाळाला घेऊनच खाली आली. "तू होतीस म्हणून वाचलो गं, आई! झालं काय होतं?"

"काही नाही," म्हणत त्यांनी मूठ पदराआड नेली. ढलपी तळहात भाजत होती, पण मूठ उघडायचा धीर होईना.