अण्णांचं बाजारमूल्य

करसल्लागार दिघेकाकांनी पुन्हा बेरीज केली. दोन महिन्यांपूर्वी गेलेल्या अण्णांचं बॉस्टनचं घर आणि ठेवी अमेरिकी केंद्र सरकारच्या वारसाकराच्या मर्यादेपासून लांबच होत्या. राज्य सरकारच्या करमर्यादेच्या मात्र जेमतेम आत होत्या.

"आता एवढंच राहिलं," म्हणत त्यांनी टेबलावरच्या डबीकडे बोट दाखवलं. तिच्यात अण्णांची स्मृतिप्रत, म्हणजे त्यांच्या आठवणींची आणि ज्ञानाची बोलती नक्कल होती. "पूल बांधणाऱ्या इंजिनिअरची प्रत घरापेक्षा महाग जाते, मृदुला. तिची किंमत धरली की मर्यादा ओलांडते; कर भरायला कदाचित हीच विकावी लागेल."

मृदुलाने डबीवर हात ठेवला. वडिलांचा एवढा आवाजच तर उरला होता तिच्याकडे.

काकांनी डबी सुरू केली. "अण्णा, झुलत्या पुलाचा भार कसा काढायचा?"

"ते या प्रतीतून पुसून टाकलं, मी जिवंत असतानाच."

"चाळीस वर्षांचं ज्ञान पुसलंत? मग ठेवलंत काय?"

"मृदू सायकलवरून कुठे कुठे पडली, ते सगळं आहे. विचारा."

काकांनी हसू दाबत बाजारमूल्याच्या रकान्यात शून्य लिहिलं.

"पण का पुसलंत, अण्णा?" मृदुलाने विचारलं.

"अगं, पुलावर किती भार येणार, ते पूल बांधायच्या आधी काढतात."